पहिलं पिस्तूल घेताना हात धरून शिकवणाऱ्या ताईंना थँक्यू

ताई,

हे तुम्हाला समोर सांगायचं होतं, पण शूटिंग रेंजवर कानाला मफ, शेजारच्या लेनमध्ये कोणीतरी फायर करतंय, तिथे कुठे धड बोलणं होतं, म्हणून लिहितोय. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितोय, कारण पहिलं पिस्तूल घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला तुमच्यासारखं कोणीतरी भेटायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

कुठलं घेऊ विचारलं तर तुम्ही मॉडेलचं नावच घेतलं नाहीत. आधी मॅगझिन काढलंत, वरची स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे का ते स्वतः बघितलंत, मग मला बघायला लावलंत, आणि नंतरच पिस्तूल हातात दिलंत. प्रत्येक वेळी, प्रत्येक पिस्तुलाला, न कंटाळता हेच. नळी कायम टार्गेटच्या दिशेला आणि नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, हे मला एकदाही ओरडून सांगावं लागलं नाही तुम्हाला, कारण तुमचं बघूनच ते हाताला लागलं.

मग ग्रिप. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी ग्रिपच्या मागे जितकी वर बसेल तितकी बसवायची, नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येतोय का बघायचं, आणि तसंच धरून तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग चापावर आरामात पोचतोय का ते बघायचं. पोचत नसेल तर माणूस पूर्ण हातच फिरवून घेतो आणि मग चाप सरळ मागे न येता बाजूला ओढला जातो, गोळी त्या बाजूला जाते, आणि बिचारा नेम धरायची साइट फिरवत बसतो. जाड ग्रिपचं ते पिस्तूल दिसायला एवढं देखणं, पण माझ्या हातात बसलंच नाही. तुम्ही ते गुपचूप बाजूला ठेवलंत.

छोट्या पिस्तुलाबद्दल तुम्ही सांगितलंत ते तर प्रत्येक नवख्याला सांगायला हवं. लहान आणि हलकं म्हणजे शिकायला सोपं असंच वाटतं ना? होतं उलटं. काडतूस तेच असेल तर हलक्या पिस्तुलात धक्का जास्त जाणवतो, शिवाय नळी आखूड असली की मागची आणि पुढची साइट जवळजवळ येतात, त्यामुळे नेम धरताना तेवढीच चूक झाली तरी टार्गेटवर ती जास्त मोठी होऊन दिसते. रिव्हॉल्व्हरही धरायला दिलंत, डबल ॲक्शनला, म्हणजे घोडा मागे नेणं आणि सोडणं दोन्ही चापानेच करायचं तेव्हा, चाप केवढा जड असतो ते बोटालाच कळलं.

आणि काडतूस .२२ चं की ९ एमएमचं. यावर तुम्ही वाद घातलाच नाहीत, ९ एमएमच्या मॅगझिनमध्ये मला न दाखवता एक डमी, म्हणजे न उडणारं, काडतूस घातलंत. डमीवर नुसतं टिक झालं, धक्का नाही, आवाज नाही, तरी नळी खाली गेलीच! म्हणजे गोळी सुटायच्या आधीच हात दचकून घेतोय. मग .२२ दिलंत, तिची गोळी साधारण अडीच ग्रॅमची, ९ एमएमची साडेसात-आठ ग्रॅमची, धक्क्यात जमीन-अस्मानाचा फरक, आणि थोड्या वेळाने डमी आलं तर पुढची साइट जागच्या जागी. काडतूसही स्वस्त त्यामुळे सराव भरपूर होतो. पण आवाज कमी वाटतो म्हणून मफ काढायचे नाहीत, .२२ पिस्तूलसुद्धा कानाला कायमची इजा करू शकतं, हे तुम्ही दोनदा बजावलंत त्याबद्दल वेगळे आभार. आणि घरी रिकाम्या .२२ चा चाप ओढत बसू नका हेही, तिची पिन काडतुसाच्या कडेवर आपटते आणि काडतूस नसलं की काही पिस्तुलांत चेंबरच्या कडेलाच घाव बसतो, त्यामुळे ड्राय प्रॅक्टिसला, म्हणजे गोळीशिवाय चाप ओढायच्या सरावाला, स्नॅप कॅप (त्यासाठीच बनवलेली डमी काडतुसं) वापरायच्या.

मला सगळ्यात भावलं ते म्हणजे पिस्तूल पसंत पडल्यावर तुम्ही विचारलंत, ठेवणार कुठे? कुलूपबंद पेटी आहे का, काडतुसं वेगळी ठेवायला जागा आहे का, घरात लहान मुलं येतात का. ते सगळं नीट झाल्याशिवाय घ्यायचं नाही म्हणालात. विक्रेत्याने हे विचारलं नसतं कदाचित. तुम्हाला तर यात काहीच मिळणार नव्हतं, तुमची स्वतःची प्रॅक्टिस सोडून तुम्ही माझ्याजवळ उभ्या राहत होतात.

तर ताई, ठरलंय. फुल साइझचं .२२, लांब नळी, मागची साइट ॲडजस्ट होणारी. पेटी आधी आणली, भिंतीला बोल्टने पक्की केली. पिस्तूल आलं की रेंजवर आधी तुमच्याकडेच येतो, ग्रिप एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ दे. डमी काडतुसं मी आणतो, मॅगझिन मात्र तुम्हीच भरा, मला न दाखवता.

तुमचा,
शेजारच्या लेनमधला नवखा