शिळाछाप वाचायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार. न्यूयॉर्कच्या अमेरिकन आर्ट-युनियन या कलासंस्थेच्या बक्षीस-सोडतीचं शिळाछाप चित्र, म्हणजे दगडावर तेलकट खडूने रेखून छापलेलं चित्र, तुम्ही आम्हाला बारकाईने उलगडून दाखवलंत, त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.

प्रसंग ठाऊक होता. वर्षाला ५ डॉलर वर्गणी भरली की सभासदाला एक कोरीव छापचित्र मिळायचं, शिवाय युनियनने विकत घेतलेल्या चित्रांच्या डिसेंबरातल्या सोडतीत त्याचं नाव यायचं. या चित्रात ब्रॉडवे टॅबरनॅकल या प्रार्थनागृहात २४ डिसेंबरला जमलेली गर्दी आहे. पुढे १८५२ मध्ये न्यायालयाने ही पद्धत बेकायदा लॉटरी ठरवली आणि युनियन बंद पडली.

तुम्ही मात्र आधी चित्राखालची बारीक अक्षरं वाचायला लावलीत. मूळ चित्र मॅटेसनचं, दगडावर उतरवलं दाविन्यों यांनी, छापलं सरोनी अँड मेजरने. म्हणजे ती सभा आपल्यापर्यंत तिघांच्या हातून आलेली. पुढच्या रांगेत एखादा चेहरा ठसठशीत दिसला म्हणून तो माणूस त्या दिवशी तिथे होताच, असं धरून चालत नाही. डाव्या-उजव्याचंही तेच. दगडावरचं कागदावर उलटं उमटतं, त्यामुळे अक्षरं उलटी लिहावी लागतात. चित्र उलटं करायचं राहिलं तर सभागृहाच्या बाजूच बदलतात. अक्षरं सुलटी आहेत एवढ्यावर निर्धास्त राहू नये, सभागृहाच्या दुसऱ्या एखाद्या चित्राशी ताडून पाहावं, हे तुमचं सांगणं फार मोलाचं.

दहापट भिंगाचंही तसंच. तेलकट खडूचे ठिपके दगडाच्या दाण्यावर वेडेवाकडे पडतात. एकसारख्या ओळींत बसलेले ठिपके दिसले तर ती नंतरची यांत्रिक नक्कल. गर्दीतले काळे कोट एकजीव डाग झाले असतील, तर बहुधा खडूच्या ठिपक्यांमधली मोकळी जागा शाईने भरून आली आहे: छपाईत दगड पुरेसा ओला राहिला नाही, शाई जास्त लागली, किंवा दगडाच्या कोऱ्या भागाला शाई धरू नये म्हणून केलेला डिंक-आम्लाचा संस्कार कमी पडला. अशी प्रत हाती घेऊन गर्दी किती दाट होती हे ठरवू नये. त्यासाठी आधीची, स्वच्छ छाप शोधावी.

समास कापू नका, हे तुम्ही पुन्हा पुन्हा बजावलंत. ती बारीक अक्षरं समासातच असतात. आता प्रत आम्लरहित माउंटमध्ये, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत आहे, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या. खालची कड मोकळी ठेवली आहे.

आपले,
छापचित्रांचे अभ्यासक