बोटाच्या ऑपरेशनआधी आणि नंतर

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी ऑपरेशन आहे. फोनवर सांगितलेलं अर्धं राहून जातं, म्हणून लिहिते. हा कागद आधार आणि रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेव.

सोयाबीन सोंगताना उजव्या हातात विळा आणि डाव्या मुठीत झाडं असतात, म्हणून कापतात ती डावीच बोटं. तुझं बोट वाकत नाही, कारण ते वाकवणारी दोरी तुटली आहे. डॉक्टर तिला टेंडन म्हणतात. कातडीला टाके पडले तरी आतली टोकं सुटीच आहेत आणि स्नायूच्या ओढीने एक टोक तळहाताकडे सरकतं. दिवस गेले की ते आखडतं आणि जोडायला पुरत नाही. दोन आठवड्यांच्या आत जोडलेलं बरं. कापूस निघेपर्यंत थांबता येत नाही.

खर्रा आजपासून बंद. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, बोटाला रक्त कमी पोचतं आणि जखम भरत नाही. निदान सहा आठवडे तरी तोंडात टाकू नको. अंगठी, कडं, मनगटाचा धागा घरीच काढून ये. सूज चढली की अंगठी कापूनच काढावी लागते. नखं काप, हात साबणाने धू, पण हातावरचे केस ब्लेडने काढू नको. खरचटलेल्या जागेतून जंतू शिरतात. कोणत्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरांना सांग, ॲस्पिरिन असेल तर नक्की सांग. जेवण आठ तास आधी बंद. पाणी कधीपर्यंत चालेल ते भूल देणारे सांगतील. ढिल्या अर्ध्या बाहीचा, समोर बटणं असलेला शर्ट घाल.

बहुतेक फक्त हात बधिर करतील. तो बधिरपणा रात्रीपर्यंत राहू शकतो, तोवर हात झोळीतच ठेव. गरम चहाचा ग्लास, चूल यांपासून जप, चटका लागलेला कळणार नाही. दुखायची वाट न पाहता, बधिरपणा उतरू लागला की सांगितलेली गोळी घे. पहिले तीन-चार दिवस हात छातीच्या वर, झोपतानाही दोन उशांवर. एसटीत लोंबकळू देऊ नको. बोटं निळी पडली, मुंग्या वाढल्या किंवा पट्टी करकचून आवळल्यासारखी झाली, तर सकाळपर्यंत थांबू नको.

आता खरी गोष्ट. हाताच्या पाठीमागून प्लास्टरचा आधार देतील, त्यात बोटं थोडी वाकलेली राहतात. तो सहा आठवडे, रात्रीसुद्धा. जोडलेली दोरी अजिबात हलली नाही तर आजूबाजूला चिकटते आणि बोट कायमचं कडक होतं. जोर लावला तर टाका तुटतो. म्हणून तीन ते पाच दिवसांत व्यायाम सुरू करतात. आधाराच्या आतच, दुसऱ्या हाताने बोट हळू तळहाताकडे वाकवायचं, मग त्याला आपोआप प्लास्टरला टेकेपर्यंत सरळ होऊ द्यायचं. दहा वेळा, जागेपणी दर तासाला. फिजिओथेरपीवाले वेगळं सांगतील तर त्यांचंच ऐक, कारण टाका कसा घातला ते त्यांना ठाऊक असतं.

दोरी सगळ्यांत कच्ची असते दुसऱ्या आठवड्यात, आणि नेमकं तेव्हाच टाके निघतात, दुखणं थांबतं. माणसाला वाटतं, झालं बरं. बादली उचलतो, गाईचं दावं धरतो, आणि बोटात टक् होतं. असं झालं, बोट अचानक वाकेनासं झालं, तर त्याच दिवशी दाखव. दोन दिवस गेले तरी पुन्हा जोडणं अवघड होतं.

पट्टी ओली करू नको, आंघोळीला प्लास्टिकची पिशवी बांध. आत खाज आली म्हणून काडी घालू नको. हळद, चुना काही लावू नको, मालिशवाल्याकडे तर जाऊच नको. ताप, पू, वास किंवा वाढती लाली दिसली की दवाखाना. बोटाच्या टोकाला स्पर्श कमी असेल तर स्पर्श कळवणारी शीर, म्हणजे मज्जातंतूही कापली असेल. जोडल्यावर ती दिवसाला साधारण एक मिलीमीटर वाढते, तेव्हा धीर धर.

जखम पूर्ण भरली की खोबरेल तेलाने व्रणावर पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा दाबून फिरव. सहा आठवड्यांनी हलकी कामं, जड काम बारा आठवड्यांनंतरच. मोटारसायकलचा क्लच डाव्या बोटांनीच दाबतात, म्हणून तीही तोवर नाही. फवारणीचा पंपही नाही.

पऱ्हाटी वेचायला मी बाया सांगून ठेवल्या आहेत, वावराची काळजी करू नको.

तुझी आई