नुसते उकळून भागत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात नातू पडला म्हणून हनुवटीला टाके घालायला त्याला सांगलीतल्या एका लहान दवाखान्यात नेले. मदतनीस मुलाने बॉइलरमधून आर्टरी (रक्तवाहिनी पकडायचा कात्रीसारखा चिमटा) उचलली, झटकली आणि ट्रेमध्ये ठेवली. तिच्या सांध्यात वाळलेल्या रक्ताची काळपट रेघ होती. मिरजेत ३१ वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढली, त्यामुळे नजर आधी तिथेच गेली. मी थांबवले. डॉक्टरांनी लगेच दुसरा संच काढला. मुलगा मात्र गोंधळला, "वीस मिनिटं उकळलंय की मावशी!" त्याला कुणी शिकवलेच नव्हते, त्याचा काय दोष?

साधे पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही. महाबळेश्वरसारख्या उंचीवर तर त्याआधीच उकळते. बरेचसे जंतू त्यात मरतात, पण धनुर्वाताच्या जंतूचे चिवट बीजाणू, म्हणजे त्याचे कवचातले सुप्त रूप, तग धरू शकतात. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रेशर कुकरसारख्या निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १५ पौंड दाबाखाली वाफ १२१ अंशांवर जाते, ती त्यांनाही सोडत नाही.

तरीही यंत्र घेतले की झाले, असे नाही. रक्त वाळायच्या आत हत्यार धुवायला हवे, आर्टरीचे लॉक उघडून सांधा ब्रशने घासायला हवा. रक्ताच्या थराखाली वाफ पोहोचतच नाही. यंत्रात ठेवायचा कापडाचा ड्रम (झडपेच्या खिडक्या असलेला धातूचा डबा) ठासून भरला तर मधले कापड कोरडे आणि कच्चे राहते. ड्रमच्या खिडक्या आत ठेवताना उघड्या आणि बाहेर काढताच बंद हव्यात. हे विसरलेले मी कितीदा पाहिले आहे. पाकिटावर लावलेल्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे वरून उष्णता लागली, एवढेच. आतले जंतू मेले की नाही, हे बीजाणूंच्या चाचणीतूनच (यंत्रात मुद्दाम ठेवलेले बीजाणू मेले का, हे पाहून) कळते. ती नेमाने करून वहीत नोंद ठेवणारे लहान दवाखाने किती असतील?

टाके, दात, कान टोचणे, काहीही असो, निर्जंतुक हत्यारांचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

डॉक्टरांना एक विनंती. हत्यारे धुणाऱ्या मुलामुलींना हे काम नीट शिकवा आणि त्यासाठी वेळ द्या. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी रुग्णालय उभारले तेव्हापासून लांबलांबून लोक विश्वासाने मिरजेला येतात. आमच्यासारख्या निवृत्त सिस्टर इथे घरोघर आहेत. शिकवायला दोन दुपारी पुरतात. बोलावलेत तर मी स्वतः येईन, मानधन नको.

– एक निवृत्त परिचारिका, मिरज