संज्या, काकांच्या गाडीतली तुझी वायर कुठं जाते?

सोलापूर,
रविवार रात्र

प्रिय संज्या,

फार दिवस झाले नीट बोलून. फोनवर नुसतं 'जेवलास का' होतं आणि ठेवतो आपण. आईचा गुडघा तसाच आहे, माझी शुगर गोळीवर आहे, बाकी ठीक. आता खरं कारण सांगतो. सुनंदाताई काकांची मारुती 800 भंगारात द्यायला निघालीय.

तिचं तरी काय चुकतं बे? रोज पहाटे अक्कलकोटला शाळेवर जायचं आणि दर सोमवारी गाडी मुकी. ज्याच्याकडं नेली त्यानं बॅटरी बदलून हातात बिल दिलं. मीटर एकानंही लावला नाही. सोमवारीच का, हेही कुणी विचारलं नाही! शनिवारी दुपारी उभी केलेली गाडी सोमवारी पहाटे काढायची, अर्धं निदान तर यातच आहे. काका असते तर बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी पहिलं हेच विचारलं असतं.

ताईकडून चावी मागून घेतली आणि गाडी दुकानावर आणली. हेडलाइट थोडा वेळ लावून वरवरचा चार्ज उतरवला, मग मोजलं तर 12.2 व्होल्ट. म्हणजे बॅटरी निम्मीच भरलेली. रात्रभर चार्जरवर ठेवली, तर सकाळी 12.6 वर टिकून राहिली आणि सेल्फ मारताना 10 च्या खाली गेली नाही. बॅटरी चांगली आहे रे! तिला पोटभर मिळतच नव्हतं.

इंजिन चालू करून हेडलाइट, ब्लोअर सगळं लावलं, तर बॅटरीवर 13.4. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझतो म्हणून बाकीच्यांनी चार्जिंग ठीक आहे असं सांगून टाकलेलं. मी मीटरची पिन बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या बोल्टवर टेकवली, तिथं 14.3! लाइटा लावून मोजलं तरी अल्टरनेटर ते बॅटरी ज्या वायरीत 0.2 च्या वर जाऊ नये, तिथं जवळजवळ एक व्होल्ट जिरत होता. वायर वरून चकाचक. थिंबलजवळचं, म्हणजे टोकाच्या कडीजवळचं, रबर सोललं तर आत तांब्याचा हिरवा चुरा. नवी केबल टाकली, आता सगळे लोड लावूनही बॅटरीवर 14.2 मिळतात.

आणि ऐक, मधे एकानं या गाडीचं इंजिन चालू असताना टर्मिनल उपसून अल्टरनेटर 'चेक' केला होता म्हणे. आठवलं ना? यावरून आपण गड्ड्याच्या यात्रेत, पाळण्याच्या रांगेत उभं राहून भांडलो होतो. तू म्हणायचास, डायनॅमोच्या काळापासून सगळे असंच बघतात. अरे, बॅटरी निघाली की उसळलेलं व्होल्टेज झेलायला कुणी राहत नाही, अल्टरनेटरचे डायोड आणि व्होल्टेज आवरणारा कटआऊट क्षणात जळू शकतात. या वेळी वाचले. डायोड गेला की बॅटरीवर एसी दिसतो, म्हणून मीटर एसीवर लावून बघितलं, अर्ध्या व्होल्टच्या पुष्कळ खाली. पण ते भांडण मी अजून मिटलेलं मानत नाही.

पुण्यात तुझं कसं चाललंय? प्रमोशनचं वहिनींनी सांगितलं, फार आनंद झाला. पोरीची बारावी नीट होऊ दे. आणि तिथं शेंगा चटणी विकत आणून खातोस असं कळलं, तेवढं बंद कर. इथून डबा पाठवतो.

आता मला झोप लागत नाही ते. केबल बदलूनही गाडी उभ्या उभ्या बॅटरी खाते. मायनस काढून मीटर मधे जोडला, दारं बंद, चावी बाहेर, तरी 0.4 अँपिअर चालूच. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर असून झोपल्यावर 0.05 च्या आत राहतात, इथं तर तसलं काहीच नाही. शनिवार दुपार ते सोमवार पहाट धर, 35 अँपिअर-अवरच्या बॅटरीतून 16 तरी गेले. सगळे फ्यूज उपसले, आकडा हलला नाही. अल्टरनेटरची वायर सोडली, तरी नाही. मग प्लसवरची ती जास्तीची वायर सोडली, आणि मीटर शून्यावर.

ती तुझी वायर आहे, संज्या. टेपच्या अॅम्प्लिफायरची. काकांना दिसू नये म्हणून तो कुठं दडवलास ते मलाही सांगितलं नव्हतंस! टेप कधीच गेला, पण अॅम्प्लिफायर अजून जागा आहे. काका रोज गाडी फिरवायचे, चार्जिंग पुरं व्हायचं, म्हणून इतकी वर्षं ते उघडं पडलं नाही. वायर कापून टाकली असती, पण ती सोडली की रेडिएटरचा फॅनही बंद पडतो. मागाहून कुणीतरी त्याचा रिले तिच्यावरच जोडलाय. चाळीसच्या वर पारा असताना ताईला बिनफॅनचं पाठवू का? आणि त्या वायरीला फ्यूज नाही बे. ती कार्पेटखाली शिरते आणि पुढं डॅशमागच्या वायरींत हरवते. कुठं घासून बॉडीला टेकली तर पेट घेईल, आणि ताई गाडीत एकटी असते. डॅश उपसायचा तर ते जुनं प्लास्टिक हातात तुटून येईल.

याच गाडीवर काकांनी आपल्या दोघांना मीटर धरायला शिकवलं. ती तराजूवर चढलेली मला बघवणार नाही, तुलाही नाही.

भंगारवाल्याला मी शनिवारपर्यंत थांबवलंय. अॅम्प्लिफायर कुठं आहे, जोड डाव्या सीटखाली मारलास की ग्लोव्हबॉक्सच्या मागं, एवढं कळव. आठवत नसेल तर वायर कुठल्या रंगाची घेतली होतीस ते तरी सांग, कारण पुढं कुणीतरी काळी टेप गुंडाळून ठेवलीय.

तुझा,
अप्पा