बेने इस्रायलांची नोंद सांस्कृतिक खात्यातही व्हावी

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

२०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याबद्दल आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणात रुजलेले मराठी बोलणारे ज्यू, शासनाचे ऋणी आहोत. मात्र त्यामुळे शासनाच्या कागदावर आमची ओळख ‘एक धार्मिक अल्पसंख्याक’ एवढीच राहिली आहे. माझ्या समाजाकडे जपण्यासारखे जे आहे, त्यातले पुष्कळसे सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराच्या, भिंतीबाहेर आहे आणि ते आपल्या खात्याच्या कक्षेत येते. म्हणून हे पत्र अल्पसंख्याक विभागाला न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

मी ठाण्यात राहते. दर शनिवारी सिनेगॉगला जात नाही आणि देवाविषयी माझ्या मनात खात्री नाही. तरीही मी ज्यू आहे. आमच्यातलीच वडीलधारी माणसे विचारतात, प्रार्थना नाही, खाण्यापिण्याचे कोशरचे नियम नाहीत, मग तुझ्यात ज्यू असे उरले काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला आमच्याच इतिहासात सापडते.

आमची परंपरा सांगते की नवगावजवळ गलबत फुटले, त्यातून सात जोडपी वाचली आणि पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे कित्येक पिढ्या कोकणात आमच्याकडे ना धर्मगुरू होता, ना तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी. मुंबईतले आमचे पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी उभारले ते १७९६ मध्ये. त्याआधीच्या पिढ्या ज्यू राहिल्या त्या घाण्यावर आणि चुलीपाशी. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. मुलांची सुंता व्हायची. खवले आणि पर असलेलीच मासळी घरात यायची. नव्याचा सण, खिरीचा सण, वालाच्या बिरड्यावर सुटणारा बिरड्याचा रोजा असे वर्ष मोजले जाई. पाठ होते ते देव एकच आहे असे सांगणाऱ्या ‘शेमा’ या प्रार्थनेचे शब्द, आणि ते प्रत्येक प्रसंगी म्हटले जात.

हा सगळा धर्मच होता, असे कोणी म्हणेल. होताच. त्या घरांत धर्म आणि संस्कृती वेगळ्या नव्हत्या, आणि त्या सुरीने कापून वेगळ्या करता येतात असे माझे म्हणणे नाही. पण धर्मपीठाची मान्यता आणि ग्रंथाचे ज्ञान नसतानाही एक समाज शेकडो वर्षे ज्यू राहू शकला, हे कोकणाने दाखवून दिले आहे. त्याच समाजातल्या आजच्या एखाद्या मुलीची श्रद्धा डळमळली, तरी मलिद्याच्या, म्हणजे नवसाच्या नैवेद्याच्या, ताटातले पोहे, गूळ, खोबरे आणि फळे ती स्वतःच्या हातांनी मांडते, एलियाहू हानाबी या संदेष्ट्याचे गाणे तिला येते. तिला वारसाहक्क नाही असे कसे म्हणायचे?

मलिदा हा जगातल्या इतर ज्यूंमध्ये आढळत नाही. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत अशी आमची श्रद्धा. नवस फेडायला माणसे आजही तिथे जातात. १८७४ मध्ये पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात हिब्रू आणि मराठीत हगादा छापली गेली. पेसाह या सणाच्या रात्री वाचायच्या त्या पुस्तकातल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास आमच्या लोकांनी हरिदासी कीर्तनाचा साचा उचलला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत लावली. ही आख्याने उभे राहून रंगवणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, त्या मराठीच्या भांडारात ही कीर्तनेही मोजायला हवीत.

ज्यू कोण, हा वाद जगभर चालू आहे आणि तो कोणत्याही कायद्याने निकालात निघालेला नाही. धर्मशास्त्रानुसार ज्यू आईच्या पोटी जन्मलेला माणूस ज्यूच राहतो, त्याचा विश्वास असो वा नसो. म्हणजे खुद्द धर्मशास्त्रानेही श्रद्धा ही अट ठेवलेली नाही. अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राच्या २०२१ च्या अहवालात २७ टक्के प्रौढ ज्यूंनी आपण धर्माने ज्यू नसल्याचे सांगितले, पण ज्यूपण सोडले नाही. इस्रायलमध्ये योराम कानियुक या लेखकाने २०११ मध्ये न्यायालयात जाऊन नोंदणीतल्या ‘धर्म’ या रकान्यात ‘धर्म नाही’ असे लिहून घेतले. राष्ट्रीयतेच्या रकान्यात ते ज्यूच राहिले.

याची दुसरी बाजू आमच्या लोकांनी भोगली आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहांवर शंका घेतली आणि वंशावळ तपासण्याचे फर्मान काढले. शनिवार पाळत आलेल्या, नियमाने प्रार्थना करणाऱ्या माणसांना आपण ज्यू असल्याचा पुरावा मागितला गेला. आमची माणसे जेरुसलेममध्ये धरण्याला बसली, तेव्हा कुठे ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने आम्ही सर्व बाबतींत ज्यू असल्याचे जाहीर केले. दाराशी उभे करून प्रमाणपत्र मागण्याचे दुःख आम्हाला ठाऊक आहे. आणि आम्हीही ते दुसऱ्यांना दिले आहे: मिश्र विवाहांतल्या मुलांना आमच्याच समाजाने ‘काळा इस्रायल’ म्हणून बाजूला बसवले, त्यांच्याशी सोयरीक टाळली. तेही आमच्या इतिहासात नोंदले जावे.

म्हणून पहिली विनंती ही की, आपले खाते बेने इस्रायल संस्कृतीसाठी जे काही करील, त्यात सिनेगॉगच्या सदस्यत्वाची किंवा धर्मपालनाची अट नसावी. वडील बेने इस्रायल आणि आई मराठा, अशा घरातल्या मुलाने आजीकडून कीर्तन ऐकून पाठ केले असेल, तर ते ध्वनिमुद्रित व्हावे.

आमच्या वडीलधाऱ्यांची भीती मला पोकळ वाटत नाही. सिनेगॉग रिकामे झाले की दोन पिढ्यांत मलिदाही जाईल, असे ते म्हणतात. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि लहान गावांत ते जमत नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ज्यूंची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायलमध्ये स्थायिक झाले आहेत. पण दहा पुरुष जमत नाहीत तिथे आजीची वही, तिचा आवाज आणि तिची चूल आहे. तेवढे तरी टिपून ठेवता येईल, आणि त्याला शासनाचे बळ हवे.

ठाणे, मुंबई आणि रायगडमधल्या वृद्धांकडून कीर्तने व गाणी ध्वनिमुद्रित करून घ्यावीत. इस्रायलमध्ये आजही मराठी बोलणाऱ्या आमच्या नातेवाइकांपर्यंतही हे काम न्यावे. पुराभिलेख संचालनालयाने एकोणिसाव्या शतकातली बेने इस्रायलांची मराठी पुस्तके आणि मासिके मिळवून त्यांच्या प्रती सर्वांना खुल्या कराव्यात. रायगडमधल्या आमच्या दफनभूमींत हिब्रू आणि मराठी लेख असलेल्या शिळा आहेत. पुरातत्त्व संचालनालयाने गाववार यादी करून त्यांवरचा मजकूर उतरवून घ्यावा, कारण कोकणातला पाऊस अक्षरे पुसतो आहे. घराघरांतल्या वह्या, छायाचित्रे आणि जुन्या पत्रिका गोळा करण्याचे काम मी आणि माझ्या ओळखीची काही कुटुंबे आनंदाने करू. आपल्या खात्यातला एक अधिकारी या कामासाठी नेमावा, ही विनंती.

आपली विनम्र,
ठाण्यातील एक बेने इस्रायल नागरिक