वचन सांगून औषध सोडायला लावू नका

महोदय,

आजारी माणसाच्या उशाशी बसून बायबल वाचावे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी, यात काहीच वावगे नाही. आम्ही ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या ते करत आलो आहोत. पण काही आरोग्यसभांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून त्याला एक पुरवणी जोडली जाते : विश्वास असेल तर गोळ्या बंद करा, इन्सुलिन टाकून द्या. सोबतीला हमखास ९१वे स्तोत्र असते. कोणतीही व्याधी तुझ्या तंबूजवळ येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. आहेच म्हटलेले, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला उत्तर सुचत नाही.

हेच स्तोत्र ऐकवून एकाला उडी मारायला सांगितल्याची हकिगत मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानांच्या चौथ्या अध्यायात आहे. चाळीस दिवसांच्या उपासाने भुकेलेल्या येशूला सैतान यरुशलेमच्या मंदिराच्या टोकावर उभा करतो आणि म्हणतो, टाक उडी, देवदूत तुला हातांवर झेलतील असे लिहिलेलेच आहे. लूकच्या क्रमाप्रमाणे हा त्याचा शेवटचा डाव. आधी दोनदा येशूने त्याला शास्त्रलेखानेच गप्प केलेले असते, तेव्हा आता तोही शास्त्रलेख घेऊनच येतो. त्याची निवड तर पाहा! मृत समुद्राजवळच्या कुमरान येथे प्राचीन ज्यू हस्तलिखिते सापडली; तिथल्या अकराव्या गुहेचा शोध १९५६ साली लागला. तिच्यातल्या एका गुंडाळीत हे स्तोत्र भुतांना पळवून लावण्याच्या गीतांबरोबर लिहिलेले आहे. ज्याच्यापासून रक्षण व्हावे म्हणून लोक ते म्हणत, तोच ते म्हणून दाखवतो.

पाठांतर पक्के, पण कात्री लावलेले. देवदूत ‘तुझ्या सर्व मार्गांत’ तुझे रक्षण करतील, असे मूळ वचन आहे. ‘सर्व मार्गांत’ हे शब्द तो गाळतो, कारण मंदिरावरून खाली उडी टाकणे हा कुणाचाच मार्ग नव्हे. पुढच्या ओळीत सिंह आणि नाग यांना पायाखाली तुडवण्याची भाषा आहे; तिथवर तर तो जातच नाही. (जाईल कसा? बायबलमध्ये नाग हे सैतानाचेच रूप.) येशू मात्र ते वचन खोटे आहे असे म्हणत नाही. ‘असेही लिहिले आहे’ म्हणून तो जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातले एक वेगळे वचन त्याच्या शेजारी ठेवतो : परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. त्या वचनामागे मस्सा येथील प्रसंग आहे. रानात पाणी मिळेना तेव्हा परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही, असे म्हणून इस्राएल लोकांनी देवाकडे पुरावा मागितला होता. इन्सुलिन बंद करून देव काय करतो ते पाहायचे, हे त्याहून वेगळे काय आहे?

प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याने हे पाचशे वर्षांपूर्वीच सांगितले होते. १५२७ साली जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये, त्याच्या शहरात, प्लेग आला, तेव्हा तो शहर सोडून गेला नाही, आजाऱ्यांजवळ राहिला. पण त्याच काळात त्याने लिहिले की औषध घ्या, घराला आणि अंगणाला धुरी द्या, जिथे तुमची गरज नाही तिथे जाऊ नका. औषधाला तुच्छ लेखणारे देवाची परीक्षा पाहत असतात. त्याच्या श्रद्धेत काही कमी होते, असे कोण म्हणेल?

अमेरिकेच्या अपालाचियन डोंगराळ भागात मार्कच्या शेवटच्या अध्यायातले ‘ते सर्प उचलतील’ हे वचन धरून उपासनेत विषारी साप हाताळण्याची प्रथा पडली. ती पसरवणारा जॉर्ज वेंट हेन्सली १९५५ साली सर्पदंशानेच गेला. निदान त्याने स्वतःचा हात तरी पुढे केला होता. आपल्याकडे व्यासपीठावरून ‘गोळ्या सोडा’ म्हणणाऱ्याची स्वतःची साखर मात्र कुणी तपासत नाही.

साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे. पण कायद्याने बोट दाखवेपर्यंत चर्चने का थांबावे? ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी अनेक चर्चमध्ये येशूच्या परीक्षेचाच उतारा वाचला जातो. त्या दिवशी पाळकांनी आणि फादरांनी वेदीवरून स्पष्ट सांगावे की, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका. शास्त्राधार हवाच असेल तर प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले आहे, आणि लूकचा उल्लेख त्याने ‘प्रिय वैद्य’ असा केला आहे. आरोग्यसभा भरवणाऱ्यांनी या ओळी ९१व्या स्तोत्राच्या खालीच आपल्या पत्रकावर छापाव्यात.

— एक ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर