विषय अनेक, प्रश्नावली एकच

महोदय,

अनेक विद्याशाखांच्या संशोधन परिषदेबद्दलची 'विज्ञान ते तत्त्वज्ञान एकाच मंचावर' ही कालच्या अंकातली बातमी वाचली. दीपप्रज्वलनाचा फोटो छान आला आहे. समई, पाहुणे, शाली, सगळे स्पष्ट दिसते. एवढ्या शोधनिबंधांतून कोणाला काय सापडले, तेवढे मात्र बातमीत कुठे आढळले नाही. विषयांची यादी आहे आणि शेवटी 'संशोधनातील वैविध्याचे दर्शन घडले' असा वार्ताहराचा शेरा आहे.

परिषदेची पुस्तिका माझ्या एका माजी विद्यार्थिनीने पाठवली होती, ती मी चाळली. त्यातले वैविध्य शीर्षके संपली की संपते. आत जिकडेतिकडे गुगल फॉर्म, शंभर उत्तरदाते, 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत' असे पाच पर्याय, एक रंगीत पाय चार्ट आणि 'जनजागृतीची गरज आहे' हा निष्कर्ष. मधुमेहावरचा निबंध असाच, कर्मचाऱ्यांच्या समाधानावरचाही असाच. सौरऊर्जेच्या निबंधात सौरपॅनेलवर एकही प्रयोग नाही; सौरपॅनेलबद्दल लोकांना काय वाटते, ते आहे.

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले, म्हणून हे जरा जास्त लागते. ही पाच पायऱ्यांची पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली, माणसांचे कल मोजण्यासाठी. कर्मचारी खूश आहेत का, हे त्या पद्धतीने खुशाल विचारा. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण काही वर्षांपूर्वी तत्त्वज्ञानाचा एक संशोधक विद्यार्थी माझ्याकडे आला, तो प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याचा विषय होता आत्म्याच्या अमरत्वाबद्दलचे युक्तिवाद. वाचन चांगले होते, संस्कृतही येत होते. मान्यता समितीने विचारले, 'गृहीतक कुठे आहे? नमुना किती?' नमुना नसेल तर ते संशोधन नव्हे, असे त्याला बजावून परत पाठवले. बिचाऱ्याने प्रश्नावली तयार केली. पहिलाच प्रश्न: 'आत्मा अमर आहे, या विधानाशी आपण कितपत सहमत आहात?' आणि ती भरून कुठे घेतली, तर गोदाकाठच्या रामकुंडावर! तिथे दहाव्याला आलेली माणसे. ज्याच्या हातात अजून पिंडाचा भात आहे, तो काय 'तटस्थ'वर खूण करणार? कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "मॅडम, एवढी काय-स्क्वेअर लावून द्या." म्हणजे आकडेवारीची एक संख्याशास्त्रीय चाचणी. मी म्हटले, "अरे, गणित सुटेल, पण त्यातून आत्म्याबद्दल काय कळणार?" तर म्हणाला, "कळायला नकोय मॅडम. टेबल हवंय."

मी ते करून दिले नाही. दुसऱ्या कोणीतरी करून दिले. पदवी मिळाली, तो आज तासिका तत्त्वावर शिकवतो. त्याच्यावर माझा राग नाही. ज्यांनी त्याला रामकुंडावर बसवले, त्यांच्यावर आहे.

१९६३ साली अमेरिकी तत्त्वज्ञ एडमंड गेटियर यांनी तीन पानांचा एक निबंध लिहिला. खरी असलेली आणि सबळ कारणावर आधारलेली समजूत म्हणजे ज्ञान, ही व्याख्या त्यांनी दोन कल्पित उदाहरणांनी खिळखिळी करून टाकली. उत्तरदाते शून्य. त्या तीन पानांवर तत्त्वज्ञ अजून वाद घालतात. आपल्या समितीने ते पहिल्याच फेरीत परत पाठवले असते. एवढे लांब तरी कशाला जा? अमळनेरला १९१६ साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभे केले, साने गुरुजीही तिथे अभ्यासाला होते. तिथल्या अभ्यासकांना कोणी नमुन्याचा आकार विचारला असेल, असे वाटत नाही.

उलट वैद्यकात नुसते विचारून भागत नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोलीतील दोन गावांचा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. स्त्रियांना विचारले, तेव्हा ५५ टक्के जणींनी स्त्रीरोगाची तक्रार सांगितली. तपासले, तेव्हा ९२ टक्के जणींना काही ना काही आजार निघाला. नुसता फॉर्म भरून घेतला असता, तर ५५ वरच थांबलो असतो आणि खाली 'जनजागृतीची गरज' लिहून मोकळे झालो असतो.

शाखा खरोखर एकत्र आणायच्याच असतील, तर नाशिककरांना विषय शोधत हिंडावे लागणार नाही. २०१० साली सीसीसी या वेलीची वाढ आवरणाऱ्या संजीवकाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली. बागेत ते संजीवक का वापरतात हे शेतीशास्त्र, अंश किती उतरला हे रसायनशास्त्र, किती अंश शरीराला चालतो हे वैद्यक, नुकसान कोणी सोसायचे हा व्यापाराचा प्रश्न, आणि कोणी सोसायला हवे हा, माफ करा, तत्त्वज्ञानाचा. परिषदेच्या पुस्तिकेत द्राक्षनिर्यातीवर निबंध आहे. त्यात निर्यातदारांना 'आपणास समस्या येतात काय' असे विचारले आहे. येतात, असे उत्तर निघाले आहे.

प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापलाच पाहिजे, ही सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ च्या नियमांत काढून टाकली. तरी गर्दी हटत नाही, कारण प्रमाणपत्रे मुलाखतीच्या फायलीत लागतात. हे आपल्या वार्ताहराला ठाऊक नसेल, असे मी म्हणणार नाही. त्याच पानावर, बातमीच्या अगदी शेजारी, 'पीएच.डी. मार्गदर्शन: विषयनिवडीपासून पेपर प्रसिद्धीपर्यंत, खात्रीशीर' ही जाहिरात आहे. खात्री कशाची, ते लिहिलेले नाही. जाहिरात विभाग आणि संपादकीय विभाग वेगळे असतात, हे मला मान्य आहे. पण निदान पाने तरी वेगळी ठेवा.

पुढच्या परिषदेला वार्ताहर पाठवाल, तेव्हा त्याला एकच विचारून यायला सांगा: आलेल्या निबंधांपैकी किती परत पाठवले आणि का? नोंदणी शुल्क विचारू नये, ते फ्लेक्सवर ठळक असते.

आणि हे पत्र छापलेत, तर कृपया मधून कापू नका. पाण्याच्या वेळेबद्दलच्या माझ्या मागच्या पत्रातले आपले अभिनंदन तेवढे छापून आले होते, तक्रार गळाली होती.

आपली,
एक निवृत्त संख्याशास्त्र अध्यापिका,
इंदिरानगर, नाशिक